सहा जुलैची बैठक

११ सप्टेंबर २०२२, रविवार. २ जुलै २०२३ च्या शपथविधीला २९४ दिवस बाकी.

दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचं राष्ट्रीय अधिवेशन भरलं आहे. शरद पवारांची पुढच्या चार वर्षांसाठी अध्यक्षपदी पुन्हा निवड झाली आहे. राज्यातली सत्ता जाऊन अडीच महिनेही झालेले नाहीत. ५३ आमदारांचा हा पक्ष विरोधी बाकांवर बसतो आहे आणि शरद पवारांचे पुतणे अजित पवार ४ जुलैपासून विधानसभेतले विरोधी पक्षनेते आहेत.

भाषणासाठी प्रदेशाध्यक्ष जयंत पाटलांचं नाव पुकारलं जातं. अजित पवार व्यासपीठावरून उठून जातात. समोर बसलेले कार्यकर्ते ‘दादा, दादा’ अशा घोषणा देऊ लागतात. प्रफुल्ल पटेल माइकवरून सांगतात की दादा बोलणार आहेत. शरद पवारांच्या कन्या सुप्रिया सुळे समजूत काढायला मागे जातात. अजित पवार परत येतात तेव्हा शरद पवारांचं समारोपाचं भाषण सुरू झालेलं असतं.

राष्ट्रीय अधिवेशन होतं म्हणून बोललो नाही, असा खुलासा अजित पवार नंतर करतात. विषय तेवढ्यावर मिटवला जातो.

१८ एप्रिल २०२३, मंगळवार. ७५ दिवस.

आठवडाभर मुंबईत एकच चर्चा आहे. अजित पवार आमदारांच्या सह्या गोळा करत आहेत, ते भाजपबरोबर जाणार. दुपारी ते पत्रकारांसमोर येतात. एकाही आमदाराची सही घेतलेली नाही, असं सांगतात. जिवात जीव असेपर्यंत राष्ट्रवादीतच राहणार, असंही सांगतात.

चर्चेवर लोकांचा विश्वास बसत होता, त्याला कारण होतं. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री, अजित पवार उपमुख्यमंत्री झाले. चौथ्या दिवशी दोघांनी राजीनामे दिले. अजित पवार पक्षात परतले आणि ३० डिसेंबरला दुसऱ्या सरकारात पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. त्या पहाटेला शरद पवारांची संमती होती की नव्हती, यावर फडणवीस एक सांगत राहिले आणि पवार दुसरं. पक्षाच्या कार्यकर्त्याला यातलं खरं काय ते पक्षाने कधीच सांगितलं नाही.

त्याआधीचंही एक सांगायला हवं. ऑक्टोबर २०१४ मध्ये विधानसभेचे निकाल लागत होते त्याच दिवशी राष्ट्रवादीने भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. कोणी मागितलेला नसताना. भाजपशी लढायचं की जुळवून घ्यायचं, हा प्रश्न २०२३ च्या जुलैत उपटलेला नाही. तो नऊ वर्षं पक्षात होता, फक्त कुठल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आला नव्हता.

एप्रिलच्या अखेरीस चेंबूरमध्ये युवक कार्यकर्त्यांच्या शिबिरात शरद पवार म्हणतात की भाकरी वेळेवर फिरवावी लागते, नाही तर ती करपते. सगळे हसून टाळ्या वाजवतात. कुठली भाकरी, हे कोणी विचारत नाही.

२ मे, मंगळवार. ६१ दिवस.

मुंबईतलं यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानचं सभागृह. ‘लोक माझे सांगाती’ या शरद पवारांच्या आत्मकथनाच्या सुधारित आवृत्तीचं प्रकाशन आहे. शेजारी पत्नी प्रतिभाताई बसल्या आहेत. १ मे १९६० ते १ मे २०२३ एवढ्या काळानंतर कुठे तरी थांबायचा विचार करायला हवा, असं पवार म्हणतात आणि अध्यक्षपदावरून निवृत्त होत असल्याचं जाहीर करतात.

कार्यकर्ते जागचे उठतात. काही व्यासपीठापुढे जमिनीवर बसतात. जयंत पाटलांना रडू आवरत नाही. एकामागून एक नेते माइकवर येऊन निर्णय मागे घ्या म्हणून विनवतात.

वेगळं बोलतात ते एकटे अजित पवार. आज ना उद्या हे होणारच होतं, असं ते सांगतात. काकींशी बोललो आहे, साहेब निर्णय बदलणार नाहीत, असंही सांगतात. नवा अध्यक्ष साहेबांच्या मार्गदर्शनाखालीच काम करेल, मग काय बिघडलं, असा त्यांचा सवाल असतो. कार्यकर्ते सुप्रिया सुळेंना बोलायचा आग्रह धरतात. मोठा भाऊ म्हणून सांगतो, तू बोलू नकोस, असं अजित पवार त्यांना सर्वांसमोर सांगतात. त्या बोलत नाहीत.

त्या सभागृहात दोन मतं होती आणि ती कॅमेऱ्यासमोर उघड झाली होती. त्यानंतरच्या तीन दिवसांत साहेबांना परत कसं आणायचं एवढीच चर्चा झाली. दुसऱ्या मताचं काय करायचं, याची झाली नाही. माझ्या मते पुढच्या ६१ दिवसांतली सर्वांत महागात पडलेली चूक ती हीच.

५ मे, शुक्रवार. ५८ दिवस.

बॅलार्ड इस्टेटमधल्या पक्ष कार्यालयात नवा अध्यक्ष ठरवण्यासाठीची समिती बसते. प्रफुल्ल पटेल ठराव मांडतात आणि राजीनामा एकमताने फेटाळला जातो. संध्याकाळी शरद पवार पत्रकार परिषदेत निर्णय मागे घेतात.

त्या पत्रकार परिषदेला अजित पवार नाहीत. पत्रकार त्याबद्दल विचारतात. सगळेच सगळीकडे असतात असं नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळतं.

बाहेर फटाके वाजत असतात.

१० जून, शनिवार. २२ दिवस.

पक्षाचा वर्धापनदिन. १९९९ साली याच तारखेला राष्ट्रवादी स्थापन झाली. दिल्लीच्या कार्यक्रमात शरद पवार दोन कार्याध्यक्षांची नावं जाहीर करतात: प्रफुल्ल पटेल आणि सुप्रिया सुळे. महाराष्ट्राची जबाबदारी सुप्रिया सुळेंकडे. सुनील तटकरे राष्ट्रीय सरचिटणीस.

अजित पवार उपस्थित आहेत. यादीत त्यांना नवं काही नाही. पत्रकारांशी न बोलता ते निघून जातात.

पदं जाहीर झाली. त्यासाठी मतदान झालं नाही, कोणी मागितलंही नाही. आपल्याकडच्या बहुतेक पक्षांत असंच चालतं, म्हणून त्या दिवशी ते कोणाला खटकलं नाही. आठ महिन्यांनी, पक्ष फुटल्यावर, निवडणूक आयोगाच्या टेबलावर नेमकी हीच गोष्ट आली. संघटना कोणाच्या बाजूने आहे हे मोजायचं, तर मुळात संघटनेतले पदाधिकारी निवडून आलेले असावे लागतात. ते तसे आलेले नसल्याने आयोगाने ती कसोटी बाजूला ठेवली आणि आमदार-खासदारांची संख्या तेवढी मोजली.

२१ जून, बुधवार. ११ दिवस.

षण्मुखानंद सभागृहात मुंबईतला वर्धापनदिन सोहळा. समोर शरद पवार बसले आहेत. अजित पवार भाषणाला उभे राहतात.

विरोधी पक्षनेतेपदाला वर्ष झालं, असं ते सांगतात. हे पद मला नकोच होतं, आमदारांनी सह्या करून आग्रह धरला म्हणून घेतलं. मी सरकारविरोधात कडक बोलत नाही अशी काहींची तक्रार आहे. आता काय त्यांची गचांडी धरू? मला यातून मोकळं करा आणि संघटनेत काम द्या.

त्याच भाषणात आणखी एक मुद्दा आहे. तो दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत मागे पडला. ममता बॅनर्जी, केजरीवाल, चंद्रशेखर राव यांनी आपापल्या राज्यात स्वबळावर सत्ता आणली. आपल्याला इतक्या वर्षांत ते का जमलं नाही? पक्षाची आजवरची सर्वोत्तम कामगिरी २००४ ची, ७१ जागांची. तेव्हा ६९ जागा मिळवणाऱ्या काँग्रेसला मुख्यमंत्रिपद देऊन टाकलं गेलं. ती सल ते अनेकदा बोलून दाखवत.

हा प्रश्न रास्त होता. चोवीस वर्षं जुन्या पक्षाने तो स्वतःला विचारायलाच हवा होता. पण सभागृहाने आणि माध्यमांनी त्याचा अर्थ एवढाच लावला की दादांना जयंत पाटलांचं प्रदेशाध्यक्षपद हवं आहे. छगन भुजबळांनी प्रदेशाध्यक्ष ओबीसी असावा असं सुचवलं. पक्षाच्या दिशेबद्दल निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पदवाटपावर येऊन थांबली.

पवारांचं उत्तर: निर्णय प्रमुख सहकारी एकत्र बसून घेतील. संघटनेतल्या बदलांवर बोलण्यासाठी बैठक ठरते. तारीख ६ जुलै.

२७ जून, मंगळवार. ५ दिवस.

भोपाळमध्ये भाजपच्या बूथ कार्यकर्त्यांपुढे पंतप्रधान नरेंद्र मोदी विरोधी पक्षांवर टीका करतात. राष्ट्रवादीचं नाव घेऊन सुमारे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप करतात. राज्य सहकारी बँक, सिंचन, खाणी अशी यादी वाचतात.

राष्ट्रवादीचे नेते आरोप फेटाळतात. पुढच्या पाच दिवसांत काय होणार आहे याची त्यांच्यातल्या काहींना कल्पना होती का, हे त्या निषेधाच्या शब्दांवरून कळत नाही.

३० जून, शुक्रवार. ४८ तास.

या तारखेची नोंद बाहेर आली ती पाच दिवसांनी, निवडणूक आयोगाच्या पत्रातून. ३० जूनच्या ठरावाने अजित पवार राष्ट्रवादीचे राष्ट्रीय अध्यक्ष निवडले गेले, असा दावा करणारा अर्ज. सोबत आमदार-खासदारांची चाळीसच्या वर प्रतिज्ञापत्रं. पक्षाचं नाव आणि घड्याळ हे चिन्ह आम्हाला द्या, ही मागणी.

दावा खरा धरला तर त्या शुक्रवारी राष्ट्रवादीला दोन अध्यक्ष होते आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याची खबर नव्हती.

१ जुलै, शनिवार, रात्री दीडच्या सुमारास. ३७ तास.

नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटते आणि पेटते. २५ प्रवासी जळून मरतात.

महामार्ग खुला होऊन सात महिने होत आले होते. त्यावरचे अपघात हा तोवर काळजीचा विषय झाला होता. अशा वेळी सरकारला जाब विचारायला विधानसभेत एक पद असतं. त्याला मंत्र्याचा दर्जा असतो, बंगला असतो, कर्मचारी असतात. हे सगळं लोकांच्या पैशातून दिलेलं असतं, ते याच कामासाठी.

२ जुलै, रविवार, सकाळ.

मलबार हिलवरच्या ‘देवगिरी’ या विरोधी पक्षनेत्यांच्या सरकारी बंगल्यावर गाड्या येऊ लागतात. अजित पवारांनी आमदारांना बोलावलं आहे. भुजबळ येतात, प्रफुल्ल पटेल येतात, सुप्रिया सुळेही येतात. प्रदेशाध्यक्ष जयंत पाटील आलेले नाहीत. आत काय चाललंय, हे बाहेरच्या पत्रकारांना नक्की ठाऊक नाही. संघटनेतल्या पदांचीच चर्चा असावी, असा बहुतेकांचा अंदाज.

सुप्रिया सुळे बैठकीतून निघून जातात.

शरद पवार पुण्यात आहेत. बैठकीबद्दल त्यांना विचारलं जातं. ती कशासाठी बोलावली आहे हे मला नक्की माहीत नाही, ते सांगतात. पण विरोधी पक्षनेते म्हणून आमदारांची बैठक बोलावण्याचा त्यांना अधिकार आहे, अशा बैठका ते नेहमीच घेतात.

त्याच दिवशी बुलढाण्यात बसमधल्या मृतांवर सामूहिक अंत्यसंस्कार होत आहेत.

दुपार.

देवगिरीवरून गाड्या बाहेर पडतात आणि मलबार हिलवरच राजभवनाकडे वळतात. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तिथे पोहोचतात. रविवार असूनही राजभवनात सगळी तयारी झालेली आहे. वृत्तवाहिन्यांवर ‘भूकंप’ हा शब्द दिसू लागतो.

अडीचच्या सुमारास.

राज्यपाल रमेश बैस शपथ देतात. अजित पवार पाचव्यांदा उपमुख्यमंत्री होतात. पाठोपाठ छगन भुजबळ, दिलीप वळसे पाटील, हसन मुश्रीफ, धनंजय मुंडे, धर्मरावबाबा आत्राम, अदिती तटकरे, संजय बनसोडे आणि अनिल पाटील. एकूण नऊ.

वळसे पाटलांनी राजकारणाला सुरुवात केली ती शरद पवारांचे स्वीय सहायक म्हणून. अनिल पाटील हे पक्षाचे प्रतोद. आमदारांनी पक्षादेश पाळावा हे बघणं त्यांचं काम.

तीन आठवड्यांपूर्वी कार्याध्यक्ष झालेले प्रफुल्ल पटेल समोर बसले आहेत. विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवळ आहेत. खासदार अमोल कोल्हेही आहेत. दुसऱ्या दिवशी ते आपण शरद पवारांबरोबर असल्याचं जाहीर करतील.

सकाळी महाराष्ट्राला विरोधी पक्षनेता होता. दुपारच्या जेवणाची वेळ टळेपर्यंत तो सरकारात होता.

शपथविधीनंतर, दुपार.

अजित पवार पत्रकार परिषद घेतात. देशाच्या विकासासाठी मोदींच्या नेतृत्वाला साथ द्यायची आहे, असं ते सांगतात. पक्ष फुटलेला नाही, पक्ष म्हणूनच सरकारात आलो आहोत, पुढच्या निवडणुका राष्ट्रवादीच्या नावावर आणि घड्याळावरच लढू. पुढच्या काही दिवसांत प्रफुल्ल पटेल एक दावा करतील: २०२२ मध्येच ५३ पैकी ५१ आमदारांनी भाजपबरोबर जावं अशी इच्छा व्यक्त केली होती.

हा दावा खरा असेल, तर वर्षभर जो पक्ष विरोधी बाकांवर बसला होता त्याला तिथे बसायचंच नव्हतं. खोटा असेल, तर ५१ पैकी किती जणांनी तो त्याच वेळी उघडपणे खोडला, हेही विचारावं लागेल. बारामतीपासून भंडाऱ्यापर्यंत ज्यांनी या पक्षाला भाजपविरोधी म्हणून मत दिलं, त्यांना यातलं काहीच कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळ.

पुण्यात शरद पवार पत्रकारांसमोर बसतात. आवाज नेहमीसारखाच. परवाच पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर भ्रष्टाचाराचे आरोप केले, आज त्यातल्या काहींना मंत्रिमंडळात घेतलं, म्हणजे ते आरोप खरे नव्हते. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे, असं ते म्हणतात. हे माझ्यासाठी नवं नाही, असंही सांगतात. १९८० मध्ये ५८ आमदार निवडून आले होते, नंतर सहा सोडून बाकी सगळे गेले. पक्ष पुन्हा उभा केला.

मग ते ६ जुलैचा उल्लेख करतात. संघटनेतल्या बदलांसाठी त्या दिवशी प्रमुख नेत्यांची बैठक बोलावली होती. त्याआधीच काही सहकाऱ्यांनी वेगळी भूमिका घेतली.

बैठकीला चार दिवस बाकी होते.

रात्र.

जयंत पाटील जितेंद्र आव्हाडांची विरोधी पक्षनेते आणि मुख्य प्रतोद म्हणून नेमणूक जाहीर करतात. मध्यरात्रीच्या सुमारास शपथ घेतलेल्या नऊ जणांविरुद्ध अपात्रतेची याचिका विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांकडे गेलेली असते.

३ जुलै, सोमवार. शपथविधीनंतरचा पहिला दिवस.

गुरुपौर्णिमा. शरद पवार पुण्याहून कराडला निघतात, प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला. वाटेत ठिकठिकाणी लोक गाडी थांबवतात.

त्याच दिवशी पटेल आणि तटकरे यांची नावं पक्षाच्या सभासद यादीतून काढल्याचं पवार कळवतात. इकडे पटेल जयंत पाटलांना हटवून तटकरेंना प्रदेशाध्यक्ष नेमतात. दोन्ही आदेश एकाच पक्षाच्या नावाने निघतात.

राष्ट्रीय अध्यक्ष कोण, असं एका पत्रकाराने अजित पवारांना विचारलं. शरद पवार राष्ट्रीय अध्यक्ष आहेत हे विसरलात का, असं ते म्हणाले. ३० जूनचा ठराव तेव्हा कागदावर तीन दिवसांचा झाला होता.

५ जुलै, बुधवार, सकाळी ११.

वांद्र्याला एमईटीच्या सभागृहात अजित पवारांची बैठक. सुमारे ३० आमदार. तुमचं वय ८३ झालं, कधी तरी थांबणार की नाही, आम्हाला आशीर्वाद द्या, असं ते माइकवरून काकांना विचारतात. २ मे रोजी अर्धवट राहिलेलं भाषण इथे पूर्ण होतं. २०१४, २०१७, २०१९: भाजपशी केव्हा, कुठे बोलणी झाली याचे दाखले ते देतात.

दुपारी १.

चव्हाण प्रतिष्ठान. दोन महिन्यांपूर्वीचंच ठिकाण. सुमारे १५ आमदार. बैलजोडी, गाय-वासरू, चरखा, हात, घड्याळ. इतक्या चिन्हांवर लढलो, असं शरद पवार सांगतात.

त्याच दिवशी निवडणूक आयोगाकडे अजित पवारांचा अर्ज पोहोचतो. त्याचा निकाल ६ फेब्रुवारी २०२४ ला लागेल. ८१ लोकप्रतिनिधींपैकी ५७ जणांची प्रतिज्ञापत्रं अजित पवारांच्या बाजूने. नाव आणि घड्याळ त्यांच्याकडे.

६ जुलै, गुरुवार.

ठरलेल्या तारखेला बैठक होते. दिल्लीत, शरद पवारांच्या निवासस्थानी. संघटनेतले बदल, प्रदेशाध्यक्षपद, अजित पवारांची जबाबदारी, स्वबळावर सत्ता का येत नाही, भाजपबाबत पक्षाची भूमिका काय: यातलं काहीही आता चर्चेला उरलेलं नाही. पटेल, तटकरे आणि नऊ मंत्र्यांच्या हकालपट्टीवर शिक्कामोर्तब होतं. या बैठकीला कायदेशीर अर्थ नाही, असं अजित पवारांकडून कळवलं जातं.

१७ जुलै, सोमवार.

विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन मुंबईत सुरू होतं. विधानसभेला विरोधी पक्षनेता नाही. आव्हाडांच्या नेमणुकीला अध्यक्षांची मान्यता मिळालेली नाही, आणि फुटीनंतर विरोधात सर्वांत मोठा पक्ष ४५ आमदारांची काँग्रेस आहे. तिचं नाव ठरायचं आहे.

१९ जुलैच्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळते. वाडी ढिगाऱ्याखाली जाते. सभागृहात त्यावर निवेदन होतं, प्रश्न विचारले जातात. विरोधी पक्षनेत्याच्या जागेवरून मात्र कोणी उभं राहत नाही.

३ ऑगस्टला काँग्रेसचे विजय वडेट्टीवार विरोधी पक्षनेते होतात. ४ ऑगस्टला अधिवेशन संपतं.